तंबाखूच्या पाकिटातील जगज्जेते



यंदाच्या व्याख्यानांची यादी वाचताना या विषयापाशी पुष्कळांची नजर अडखळली असेल. ज्या व्यासपीठावर राज्यक्रांत्यांची, संतवाङ्मयाची आणि अर्थकारणाची चर्चा व्हायची, तेथे सिगारेटच्या पाकिटातून निघणाऱ्या चित्रांचे काय काम, अशी शंका येणे अगदी स्वाभाविक आहे. खरे सांगायचे तर ती प्रथम आम्हांलाच आली होती. लहानपणी काडेपेट्यांचे छाप आम्हीही जमविले, त्यांची अदलाबदल केली, आणि पुढे ते सगळे एका दिवाळीच्या साफसफाईत केराच्या टोपलीत गेले. त्याची हळहळ फारशी वाटली नाही. पण हे जे तंबाखूचे कार्ड आहे, त्याची गोष्ट थोडी निराळी आहे. इतिहासात ज्यांना ओळसुद्धा मिळाली नाही, अशा कितीतरी माणसांचा चेहरा आज सामान्य माणसाच्या हाती लागतो तो या दीड इंच रुंद आणि पावणेतीन इंच उंच पुठ्ठ्यावर. आणि तो चेहरा पाहताना असा प्रश्न पडतो की, कीर्ती म्हणून आपण ज्याला म्हणतो तिचा हिशेब नेमका कोण ठेवतो?

प्रारंभ करू या अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरापासून. तेथे ॲलन आणि गिंटर या भागीदारांचा सिगारेटचा कारखाना होता. सिगारेट हा प्रकार त्या काळी अमेरिकेत नवखा होता. तंबाखू ओढणारे चिलीम किंवा चिरूट ओढीत आणि बाकीचे सरळ चघळीत. कारखान्यात तरुण मुली रांगेने बसून हाताने सिगारेटी वळीत. पाकीट कागदाचे आणि मऊ. खिशात सिगारेटी वाकत, मोडत. म्हणून आत एक कडक पुठ्ठा सरकविण्यात येऊ लागला. कोरा पुठ्ठा वाया का घालवावा, हा व्यापारी विचार त्यामागोमाग आलाच, आणि पुठ्ठ्यावर चित्र आले. चित्र एकटे नसे. पन्नास चित्रांची एक मालिका असे, आणि पाठीमागे पन्नासही नावांची यादी छापलेली असे. म्हणजे आपल्याजवळ कोणते आहे यापेक्षा कोणते नाही हेच गिऱ्हाइकाला आधी कळावे! माणसाच्या मनाची ही नस ज्याने प्रथम हेरली त्याच्या व्यापारी बुद्धीला नमस्कारच केला पाहिजे.

त्यातच यंत्राची भर पडली. जेम्स बॉन्सॅक नावाच्या व्हर्जिनियातल्याच एका तरुणाने सिगारेट वळण्याचे यंत्र शोधून काढले आणि १८८१ साली त्याचे पेटंट मिळविले. ॲलन आणि गिंटर यांनीच अशा यंत्रासाठी बक्षीस लावले होते, पण यंत्र पुढे आल्यावर त्यांचे मन बसले नाही. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनातील जेम्स ड्यूक याने मात्र ते उचलले. जिथे कुशल कारागिरीण मिनिटाला चार सिगारेटी वळी, तिथे हे यंत्र दिवसाला लाखावर वळू लागले. माल उदंड झाला, ओढणारे तेवढे नव्हते; तेव्हा ओढणारे निर्माण करणे भाग पडले. चित्रांच्या या पुराचे खरे उगमस्थान तेथे आहे. बहुतेक कंपन्यांनी नट्यांची चित्रे काढली, आणि ती इतकी उघडीवाघडी होती की, ड्यूकच्या वृद्ध वडिलांनी १८९४ साली पत्र लिहून चिरंजिवांची कानउघाडणी केली. कोणी पक्षी काढले, कोणी निशाणे, कोणी सेनापती. आणि ॲलन व गिंटर यांनी १८८७ च्या सुमारास ‘जगातील अजिंक्यवीर’ या नावाची पन्नास कार्डांची मालिका काढली.

ही कार्डे शिळाछापाची आहेत. आपल्याकडे रविवर्म्याच्या तसबिरी ज्या पद्धतीने छापल्या जात, तीच ही पद्धत. प्रत्येक रंगाला निराळा दगड, आणि दगडावर कारागिराने हाताने टिपलेले बारीक ठिपके. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे मळवलीला गेला, हे आपणांपैकी जाणत्यांना ठाऊक आहेच. घरोघर भिंतीवर लागलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वतींनी आपल्या डोळ्यांना जे दिले, तेच या इवल्याशा कार्डांनी अमेरिकेतल्या सामान्य माणसाला दिले. वर्तमानपत्रांत तेव्हा छायाचित्रे येत नसत. वर्तमानपत्रात ज्याचे नाव वाचले त्याचा मुखडा, आणि तोही रंगीत, प्रथम पाहायला मिळाला तो दहा सिगारेटींच्या पाकिटात.

आता ते पन्नास वीर कोण, ते पाहू. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणजे बेसबॉल, अशी आपली समजूत असते आणि आज ती खरीही आहे. तेव्हा पन्नासांपैकी निदान तीस-चाळीस तरी बेसबॉलचे असतील असे वाटेल. प्रत्यक्षात ते आहेत फक्त दहा. दहा मुष्टियोद्धे आहेत, सात मल्ल आहेत, बिलियर्ड्स आणि पूल खेळणारे मिळून नऊ आहेत, चार नेमबाज आहेत. त्या चौघांत ॲनी ओकले ही सबंध संचातली एकुलती एक स्त्री. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात तिने लंडनकरांना आपली नेमबाजी दाखवून थक्क केले होते. आणि राहिलेले दहा कोण? नावाडी! एकट्याने होडी वल्हवून शर्यत जिंकणारे. बेसबॉलला दहा जागा आणि वल्हेकऱ्यांना दहा जागा, हा १८८७ सालचा हिशेब आहे. कोणा पंडिताने तो केलेला नाही. गिऱ्हाइकाला कोणाचे चित्र हवे, हे ज्याला नेमके ठाऊक असल्याशिवाय गत्यंतर नव्हते त्या व्यापाऱ्याने तो केलेला आहे. म्हणूनच आम्ही त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

या दहा नावाड्यांपाशी थोडे थांबू या. एडवर्ड ट्रिकेट हा सिडनीजवळच्या दगडाच्या खाणीत काम करणारा, सहा फुटांहून उंच गडी. १८७६ साली त्याने लंडनला येऊन थेम्स नदीवर सॅडलरला हरविले आणि जगज्जेतेपद ऑस्ट्रेलियाला नेले. कोणत्याही खेळात जगज्जेता झालेला तो पहिला ऑस्ट्रेलियन. चार वर्षांनी त्याच नदीवर, पटनीपासून मॉर्टलेकपर्यंतच्या सव्वाचार मैलांत, त्याची गाठ टोरांटोच्या नेड हॅन्लनशी पडली. हॅन्लन उंचीने पाच फूट पावणेनऊ इंच आणि वजनाने दीडशे पौंडांच्या आसपास. ट्रिकेटपुढे पोरसवदा दिसावा असा. पण सरकत्या आसनाचा उपयोग त्याच्याइतका कोणाला साधला नव्हता. वल्हवणारा हाताने ओढतो असे पाहणाऱ्याला वाटते. खरा जोर पायांचा असतो, आणि आसन मागेपुढे सरकते असले म्हणजे तो सगळा जोर वल्ह्यात उतरतो. ते आसन हॅन्लनने शोधले नव्हते, पण त्याचे मर्म त्यानेच जाणले. १५ नोव्हेंबर १८८० च्या त्या शर्यतीत तो इतका पुढे निघून गेला की, मधूनच थांबे, होडीत आडवा पडल्याचे सोंग करी, आणि प्रतिस्पर्धी जवळ आला की पुन्हा सटके. काठावरचे लोक हसून बेजार झाले. ट्रिकेटला काय वाटले असेल, याचा विचार मात्र आमच्या मनातून जात नाही.

हॅन्लनचे पद चार वर्षे टिकले. १८८४ च्या ऑगस्टमध्ये सिडनीच्या पॅरामॅटा नदीवर विल्यम बीच नावाच्या लोहाराने त्याला हरविले, आणि पुढे दोनदा पुन्हा हरविले. आता मौज पाहा. कार्डे निघाली तेव्हा जगज्जेता होता बीच. पण संचात ट्रिकेट आहे, हॅन्लनही आहे. एवढेच नव्हे, तर जेकब गॉडॉर हा कॅनडाचा वल्हेकरीही आहे, जो १८९६ साली, म्हणजे नऊ वर्षांनी, जगज्जेता व्हायचा होता. गतवैभवाचा, चालू घडीचा आणि होऊ घातलेला असे सगळे अजिंक्यवीर एकाच रांगेत ‘अजिंक्यवीर’ म्हणून उभे! इतिहासकाराला अशी कागदपत्रे आवडतात, कारण लिहिणाऱ्याला पुढचे ठाऊक नसते.

जो या संचात नाही त्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. चार्ल्स कोर्टनी हा न्यूयॉर्क राज्यातला नामांकित वल्हेकरी. १८७९ च्या ऑक्टोबरात शटॉक्वा सरोवरावर त्याची हॅन्लनशी शर्यत ठरली. एका औषधी काढ्याच्या कंपनीने सहा हजार डॉलरांचे बक्षीस लावले होते आणि पैजा त्याहून कितीतरी मोठ्या लागल्या होत्या. शर्यतीच्या आदल्या रात्री कोर्टनीच्या होड्या कोणीतरी करवतीने कापून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी हॅन्लन एकटाच वल्हवत गेला आणि परत आला. करवत कोणाची, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. प्रतिपक्षाची, पैज लावणाऱ्यांची, की खुद्द कोर्टनीच्याच गोटातली, असे तिन्ही तर्क झाले. धंदेवाईक नौकाशर्यतींवरचा लोकांचा विश्वास अशाच प्रकारांनी उडाला. कोर्टनीने पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना वल्हवण्याचे शिक्षण देण्यात हयात घालविली आणि मान मिळविला. हॅन्लनला टोरांटोकरांनी नगरपालिकेवर निवडून दिले आणि मरणानंतर त्याचा पुतळा उभारला. पण कॅनडाबाहेर आज त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

नौकाशर्यत निदान एका रूपात जिवंत तरी राहिली. चालण्याच्या शर्यतीचे तसे झाले नाही. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८८ साली पन्नास वीरांचा आपला संच काढला. त्यात जेम्स अल्बर्ट नावाचा एक गृहस्थ आहे. त्याचा पराक्रम कोणता? चालणे! त्या काळी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांच्या शर्यती होत. रविवारी खेळ वर्ज्य, म्हणून सोमवारच्या पहाटेपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत. स्पर्धकाने हवे तर चालावे, हवे तर धावावे, हवे तेव्हा शेजारच्या राहुटीत घटकाभर डोळे मिटावेत. मोजायचे ते फक्त मैल. दिव्यांच्या उजेडात, हजारो प्रेक्षकांच्या सिगारेटींच्या धुरात, भुशाच्या वर्तुळावर ही माणसे रात्रंदिवस फिरत. १८८८ च्या फेब्रुवारीत अल्बर्टने सहा दिवसांत पावणेसहाशेबावीस, म्हणजे ६२१ पूर्णांक तीन चतुर्थांश मैल तोडले. पंढरीच्या वारकऱ्याला आळंदीहून निघून पोचायला जे अंतर अठरा-वीस दिवस लागते, त्याच्या चौपटीहून अधिक हे अंतर आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉर्ज लिटलवुड या इंग्रजाने त्याच्यावर दोन मैलांची सरशी केली, आणि लिटलवुडचा तो विक्रम पुढे ९६ वर्षे अभंग राहिला. १९८४ साली ग्रीसच्या यान्निस कूरोसने तो मोडला. पण खेळ म्हणाल तर तो केव्हाच संपला होता. सायकल आली, लोकांनी त्याच गार्डनमध्ये सहा दिवसांच्या सायकलशर्यती पाहायला सुरुवात केली, आणि चालणाऱ्यांकडे पाठ फिरविली.

पहिल्या संचातील सात मल्लांत एक नाव आहे ‘मत्सादा सोराकिची’. जपानात सुमो खेळून तो अमेरिकेत आला आणि १८८४ पासून तेथल्या आखाड्यांत कुस्त्या करू लागला. अमेरिकेत धंदा म्हणून कुस्ती खेळणारा तो पहिला जपानी. उंचीने बेताचा, पण डोक्याची धडक अशी की प्रतिपक्षी हबकून जाई. ज्या काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिनी मजुरांच्या वस्त्या जाळल्या जात होत्या, त्याच काळात एका आशियाई माणसाचे रंगीत चित्र जगज्जेत्यांच्या पंक्तीत छापले जाते आणि गोरे गिऱ्हाईक ते जपून ठेवते, ही गोष्ट लहान नाही. परंतु तिचा अर्थ फार ताणूही नये. नवलाईची वस्तू म्हणूनही माणसाला पंक्तीत बसविता येते, आणि सोराकिचीच्या वाट्याला ते पुष्कळ आले. १८८६ साली शिकागोच्या कुस्तीत इव्हान लुईसने त्याचा पाय असा पिरगाळला की प्रेक्षकही संतापले. १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये तो निष्कांचन अवस्थेत वारला. वय तिशीच्या थोडे पुढे. त्याच संचातला त्याचा गोरा व्यवसायबंधू विल्यम मल्डून याने पुढे आरोग्यधाम काढून पैसा केला, आणि १९२१ साली न्यूयॉर्क राज्याच्या मुष्टियुद्ध-मंडळाच्या अध्यक्षपदी तो बसला. एकाच दगडावरून छापलेले दोन चेहरे, पण पाकिटाबाहेर पडल्यावर त्यांचे रस्ते असे फुटले.

याहूनही बोचणारी जोडी गुडविनच्या संचात आहे. तेथे कॅप ॲन्सन आहे आणि आयझॅक मर्फीही आहे. ॲन्सन हा शिकागोच्या बेसबॉल संघाचा कर्णधार, त्या युगाचा सर्वांत नावाजलेला खेळाडू. मर्फी हा केंटकीत १८६१ साली, गुलामगिरी कायद्याने चालू असताना, जन्मलेला काळा घोडेस्वार. केंटकी डर्बी ही तेथली सर्वांत मानाची शर्यत त्याने १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा जिंकली. १८८७ च्या जुलैत नेवार्क येथे ॲन्सनचा संघ खेळायला गेला असता, समोरच्या संघात काळे खेळाडू उतरले तर आपण खेळणार नाही, असा पवित्रा ॲन्सनने घेतला, आणि जॉर्ज स्टोवी हा उत्तम काळा चेंडूफेक्या त्या दिवशी बाहेर बसला. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या चालकांनी काळ्या खेळाडूंशी यापुढे नवे करार न करण्याचा ठराव केला. दार हळूहळू बंद झाले, ते पुढे १९४७ साली जॅकी रॉबिन्सन आला तेव्हा उघडले. मैदानात ज्याच्यासारख्याच्या शेजारी उभे राहणे ॲन्सनला विटाळासारखे वाटत होते, त्याच्याच शेजारी गुडविन कंपनीने त्याला पन्नासांच्या यादीत बसवून टाकले! विटाळ काय असतो हे आम्हां महाराष्ट्रीयांना कोणी शिकवायला नको. क्रिकेटच्या मैदानावर पळवणकर बाळूंना चहा निराळ्या भांड्यातून मिळे, ही गोष्ट पुण्याचीच आहे.

आज बाजारात विचाराल तर ॲन्सनचे कार्ड मर्फीच्या कार्डाहून अधिक मागणीचे. आणि त्याचे कारण ॲन्सन अधिक थोर होता हे नव्हे. बेसबॉल टिकला, वाढला, त्याचे कार्ड जमविणारे लाखो झाले. घोड्यांच्या शर्यतीतून काळे स्वार विसाव्या शतकाच्या आरंभी पार हुसकले गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांची आठवणही गेली. १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीत पंधरांपैकी तेरा स्वार काळे होते, हे आज तेथल्या लोकांनाही सांगावे लागते. मर्फी १८९६ साली वारला. त्याच्या थडग्यावरची खूण नाहीशी होऊन ते थडगेच विसरले गेले होते. ते शोधून काढून १९६७ साली त्याच्या अस्थी सन्मानाने दुसरीकडे नेण्यात आल्या. मधल्या सत्तर वर्षांत कुठल्यातरी पेटाऱ्यात, कुठल्यातरी चिकटवहीत त्याचे कार्ड पडून होते. थडगे हरवले, पुठ्ठा राहिला.

कार्डांची ही पहिली लाट फार काळ टिकली नाही. १८९० साली ड्यूकने ॲलन-गिंटर, गुडविन, किनी, किंबॉल या आपल्या चारही मोठ्या प्रतिस्पर्ध्यांना पोटात घेऊन अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापिली. भांडायला कोणी उरले नाही, तेव्हा चित्रांवर पैसा कशाला उधळायचा? कार्डे आटत गेली. इंग्लंडात मात्र तेव्हा नुकती सुरुवात होत होती. विल्स कंपनीने १८९६ साली काढलेल्या क्रिकेटपटूंच्या संचात आपले रणजितसिंहजी आहेत, आणि त्यांनी कसोटीत पदार्पण केले तेच ते वर्ष. अमेरिकेत दुसरी लाट १९०९ च्या सुमारास आली. तिच्यातलेच होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे कार्ड. वॅग्नरने आपले चित्र छापण्यास हरकत घेतली आणि छपाई थांबली, त्यामुळे त्याच्या थोड्याच प्रती बाहेर गेल्या. मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने हरकत घेतली असे काही म्हणतात, मोबदला मिळाला नाही म्हणून असे काही म्हणतात. २०२२ साली त्याची एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली.

आम्हांला या आकड्याचे कौतुक वाटत नाही. उलट त्याने घातलेला घोळच दिसतो. अशाच एका अतिप्रसिद्ध वॅग्नर-कार्डाच्या कडा कापून ती नीट केल्याचे २०१३ साली एका लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केले. पैसा आला की कात्रीही येते. तेव्हा ज्याला अप्रसिद्ध वीरांची कार्डे जमवायची आहेत त्याला दोन गोष्टी सांगून ठेवतो. जवळ एक चांगले भिंग असावे. शिळाछापात ठिपके हाताने टिपलेले, लहानमोठे, विखुरलेले दिसतात. मागाहून केलेल्या नकलेत ते जाळीसारखे, एका शिस्तीत बसलेले असतात. दुसरे, पाठ पाहावी. कंपनी कुपने घेऊन गिऱ्हाइकाला छापील चित्रवहीही देई, आणि त्या वहीतली चित्रे कापून कार्ड म्हणून खपविणारे कमी नाहीत. त्यांचा कागद पातळ आणि पाठीवर ती पन्नास नावे नाहीत. बाकी खळीचे डाग, दुमडलेले कोपरे, चिकटवहीतून उपटताना सोललेली पाठ, यांना नाक मुरडू नये. पोरांनी हाताळल्याच्याच त्या खुणा आहेत. वल्हेकऱ्याचे किंवा मल्लाचे असे जुने कार्ड वॅग्नरच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी किमतीत मिळू शकते. मिळणे कठीण जाते ते अशासाठी की, बेसबॉलची कार्डे काढून घेतल्यावर उरलेल्यांना कोणी जपले नाही.

जपले ते एका माणसाने. जेफरसन बर्डिक हा न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज गावी विजेची उपकरणे बनविणाऱ्या कारखान्यात सुटे भाग जोडण्याचे काम करी. जन्म १९००. लग्न केले नाही. तरुणपणीच संधिवाताने गाठले, आणि बोटे, मनगटे, मान एकेक करून आखडत गेली. या माणसाने कार्डे गोळा केली. नुसती बेसबॉलची नव्हे, बेसबॉलचा तर त्याला खास षोकही नव्हता. नट्या, पक्षी, मल्ल, सेनापती, साबणाच्या जाहिराती, शुभेच्छापत्रे, जे जे छापलेले आणि फुकट वाटलेले ते ते सगळे. १९३९ साली त्याने त्यांची पहिली सूची छापली. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘एन’, विसाव्यातील कार्डांना ‘टी’, आणि पुढे संचाचा क्रमांक. ॲलन-गिंटरचा अजिंक्यवीरांचा संच ‘एन २८’, वॅग्नरचा संच ‘टी २०६’. जगभरचे संग्राहक आजही हेच क्रमांक वापरतात. वॅग्नरच्या कार्डाला त्याने सूचीत पन्नास डॉलर किंमत लावली होती, आणि ती सर्वांत महाग मानली जाई.

१९४७ पासून बर्डिकने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयाला द्यायला सुरुवात केली. तेथल्या मुद्राचित्र-विभागाचे प्रमुख हायट मेयर हे मोठे विद्वान. ड्यूरर आणि रेम्ब्राँ यांच्या शेजारी सिगारेटची कार्डे ठेवून घेण्याचे मोठेपण त्यांनी दाखविले. पण नुसते ठेवून भागणार नव्हते. लावून द्यायला हवे होते, आणि ते काम बर्डिकशिवाय कोणाला येणार? तो सिरॅक्यूजहून येई. १९५९ साली नोकरी सोडून तो न्यूयॉर्कलाच राहायला गेला. विभागातल्या एका टेबलाशी बसून, वाकड्या झालेल्या बोटांनी, एकेक कार्ड वहीत चिकटवीत तो संग्रहालय बंद होईपर्यंत बसे. तीन लाखांहून अधिक वस्तू, शेकडो वह्या. हॅन्लनला जेवढी जागा तेवढीच बीचला, सोराकिचीला जेवढा डिंक तेवढाच सुलिव्हानला.

१० जानेवारी १९६३ रोजी सायंकाळी त्याने शेवटचे कार्ड चिकटविले. आखडलेले हात कसेबसे कोटाच्या बाह्यांत घातले आणि विभागातील लोकांना सांगितले की, आपण आता पुन्हा येणार नाही. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात दाखल झाला, आणि १३ मार्चला वारला.